बॅगपाइप शिकायचाय? नाशिकमध्ये बसून करायची तयारी

बॅगपाइप म्हणजे काखेतल्या पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य, पण सुरुवातीला ते विकत घेऊ नका. आधी प्रॅक्टिस चँटर घ्यायचा. ही दोन तुकड्यांची प्लॅस्टिकची नळी असते, आत प्लॅस्टिकची रीड (हवेने थरथरून सूर काढणारी पत्ती) बसते आणि वरच्या टोकातून फुंकायचं. पिशवी नाही, ड्रोन (एकच सूर अखंड धरून ठेवणाऱ्या नळ्या) नाहीत आणि आवाज दार लावलं की खोलीत मावतो. किमान सहा महिने, बहुतेकांच्या बाबतीत वर्षभर, हातात एवढंच असतं. मागवताना ‘लाँग’ माप सांगा. त्याच्या भोकांमधलं अंतर खऱ्या बॅगपाइपच्या जवळ जातं आणि मोठ्या माणसाची बोटं एकमेकांवर चढत नाहीत. ऑनलाइन दिसणारे शिसवी लाकडाचे शोभिवंत स्वस्त चँटर टाळा. भोकं जागेवर नसली की सूर बेसूर लागतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच बोट चुकतंय. दोन जादा रीड त्याच पार्सलमध्ये येऊ द्यात.

वाजवायला टेबल-खुर्ची हवी. चँटरचं खालचं टोक टेबलावर टेकवा, पाठ सरळ, खांदे सैल. डावा हात वर, उजवा खाली. डाव्या हाताचा अंगठा मागचं भोक झाकतो, करंगळीला काम नाही. उजव्याचा अंगठा नुसता आधाराला, पण करंगळी मात्र कामाची. बासरी वाजवणाऱ्यांना इथे सवय मोडावी लागते, कारण उजव्या हाताची बोटं टोकाने नाही, तर सरळ ठेवून मधल्या पेराने भोकं झाकतात. सगळी भोकं झाकून सर्वांत खालचा सूर स्वच्छ आला की हात बसला. चिरका आला तर बहुतेक वेळा उजवी अनामिका किंवा करंगळी सुटलेली असते.

सूर फक्त नऊ. खालून दुसऱ्या सुराला सा मानलं तर सा रे ग म प ध, कोमल नी आणि वरचा सा, शिवाय सा च्या खाली मंद्र कोमल नी. म्हणजे सरळ खमाज थाट. दुर्गा छान बसतो. भूपाचे सूरही आहेत, पण चाल मंद्र धैवतात उतरली की अडली. दोन्ही निषाद लागणारा देस सोडून द्या. परदेशी स्वरलिपीत याच सा ला ‘लो ए’ म्हणतात. सी आणि एफ लिहिलेले साधे दिसले तरी वाजतात तीव्र, म्हणजेच आपले शुद्ध ग आणि ध.

पहिले दोन महिने जातात ते म वरून प वर जाण्यात. म ला उजव्या हाताची पहिली तीन बोटं उघडी असतात, करंगळी मिटलेली. प ला तीच तीन मिटतात, करंगळी उठते आणि डावी अनामिकाही उठते. पाच बोटं एका क्षणी हलली पाहिजेत. उजवा हात आधी मिटला तर मध्येच सा डोकावतो. स्वतःला तो ऐकू येत नाही, म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा आणि हे दोनच सूर रोज पाच मिनिटं घ्या. याच्या जोडीला कण, म्हणजे मुख्य सुराला निसटता लागणारा दुसरा सूर. रीड तोंडात नसते, हवा अखंड जाते, त्यामुळे जीभ मारून सूर तोडता येत नाही. सा सा असं दोनदा वाजवायचं तर मध्ये दुसऱ्या बोटाचा कण टाकावाच लागतो. आवाज लहान-मोठा करायचीही सोय नाही, सगळी नक्षी बोटांची. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी.

गुरू शोधताना आधी आपल्याच शहरात पाहा. नाशिक रोड आणि देवळालीला तोफखान्याची केंद्रं असल्याने फौजेतून निवृत्त झालेली मंडळी इथे बरीच आहेत. पाइप बँडात वाजवलेला कोणी ओळखीतून निघाला तर सोनंच, कारण हात धरून बोटं सरळ करणारा माणूस व्हिडिओत मिळत नाही. नाहीतर ग्लासगोच्या नॅशनल पायपिंग सेंटरसारख्या ठिकाणचे ऑनलाइन वर्ग आहेत. ब्रिटन आपल्यामागे साडेपाच तास असतं, मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेचार. तिथली दुपारची वेळ मागितली की आपली संध्याकाळ पडते.

पिशवीकडे जाण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. रक्तदाब, हर्निया, काचबिंदू किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर हे टाळू नका. फुंकणं जोराचं असतं.

आता सेट, म्हणजे पूर्ण बॅगपाइप. पिशवीला पाच खोबण्या बांधलेल्या असतात, त्यांना स्टॉक म्हणतात. एकात फुंकनळी, एकात बॅगपाइपचा स्वतःचा चँटर, तिघांत ड्रोन, म्हणजे दोन टेनर आणि एक त्याहून खालच्या सुराचा बेस. उत्तम सेट आफ्रिकन ब्लॅकवूडचे. पण नाशिकची हवा पाहता पहिला सेट पॉलीपेन्कोसारख्या टणक प्लॅस्टिकचा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. इथे मार्च ते मे हवा कोरडी ठणठणीत, पारा चाळिशीजवळ. त्यात लाकूड बाहेरून सुकतं, आतून श्वासाच्या ओलाव्याने फुगतं आणि चीर जाते. तरीही लाकडाचाच हवा असेल तर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांच्या वर वाजवू नका, नंतर आतून फडका फिरवा. उन्हाळ्यात वाद्याच्या पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवा आणि पावसाळा लागला की तो काढून टाका. गाडीच्या डिकीत सेट कधीच सोडू नका. सियालकोटी बनावटीचे स्वस्त सेट दिसतात, पण त्यांत सांधे गळतात आणि चांगली रीड नीट बसत नाही. त्यावर शिकणाऱ्याची वाताहत होते. हस्तिदंताची कडी असलेला जुना सेट तर कितीही देखणा असो, आयातीच्या भानगडीत पडू नका.

पिशवी मध्यम किंवा लहान मापाची, सिंथेटिक आणि चेन असलेली घ्या. चामड्याच्या पिशवीला आतून मसाला (हवा गळू न देणारा लेप) भरावा लागतो आणि श्रावणात तिला बुरशी धरते. चेन उघडून आतून पुसता येणं हा चैनीचा भाग नाही. न धुतलेल्या पाइपमधल्या बुरशीने एका वादकाच्या फुप्फुसाला सूज येऊन तो दगावल्याची नोंद 2016 साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तेव्हा वाजवून झालं की फुंकनळी पुसायची, चेन उघडी ठेवायची आणि प्रॅक्टिस चँटर आठवड्यातून एकदा रीड काढून पाण्याने धुवायचा.

चँटरची रीड ‘ईझी’ मागवा. कडक रीडने आवाज भरदार येतो हे खरं, पण नवशिक्याचे ओठ पाच मिनिटांत सुटतात आणि हवा कडेने फुसफुसायला लागते. ड्रोनच्या रीड सिंथेटिक चालतील.

सांध्यांना मेण लावलेला ताग गुंडाळतात. प्लंबर नळाला लावतात तो ताग आणि मधमाश्यांचं मेण घेतलं की काम भागतं. चर्मकाराकडचा मेणाचा दोराही चालतो. फुंकनळी आणि ड्रोन स्टॉकमध्ये घट्ट बसले पाहिजेत, पण ड्रोनचा वर-खाली सरकणारा सांधा दोन बोटांनी हलला पाहिजे. उन्हाळ्यात ताग सुकून सैल पडतो, दोन वेढे वाढवा. टेफ्लॉन टेप एखाद्या दिवसापुरती. हवा गळतेय का हे पाहायला चँटर आणि ड्रोन काढून चारही स्टॉकना बुचं मारा, पिशवी टम्म फुगवा आणि काखेत दाबा. फुंकनळीतून हवा परत तोंडात आली तर आतली झडप बसत नाही. झडप ठीक असून पिशवी मऊ पडली तर दोष सांध्यात किंवा शिवणीत.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं उपकरण हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात ती पारदर्शक नळी तीन मीटर घ्या, भिंतीवर यू आकारात लावा आणि निम्मी रंगीत पाण्याने भरा. एक टोक भोक पाडलेल्या बुचातून टेनर ड्रोनच्या स्टॉकमध्ये घाला, दुसरं मोकळं ठेवा. आता चँटर वाजवताना दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. रीडप्रमाणे तो साधारण 25 ते 35 इंच येतो. आकडा कितीही येवो, तो हलता कामा नये. फुंकताना काख सैल, श्वास घेताना काख आवळायची. ही अदलाबदल चुकली की पाणी चार-पाच इंच उसळतं आणि सूर वर चढतो नाहीतर खाली पडतो. पाणी इंचभरात स्थिर राहीपर्यंत ड्रोनना बुचं मारून ठेवा. मग एक टेनर उघडा, काही आठवड्यांनी दुसरा, शेवटी बेस.

जुळवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं वाजवून वाद्य गरम होऊ द्या. मग आधी टेनर सा शी जुळवा. वाँव-वाँव अशी लहर ऐकू येते, ती मंदावत थांबली की जुळला. ड्रोन वर सरकवून लांब केला की सूर उतरतो. हार्मोनियमच्या भरवशावर मात्र बसू नका. पाइपचा सा आज बहुधा 480 हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. सोसायटीच्या गणपतीत पेटीबरोबर वाजवायचं मनात असेल तर ‘बी फ्लॅट’ म्हणजे 466 चा चँटर वेगळा मागवावा लागेल.

राहिली जागा. जवळून आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो, त्यामुळे फोमचे कानबोळे आधी घ्या, मग बाकीचं. फ्लॅटमध्ये पूर्ण सेट विसरा. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्य वाजवायला बंदी, दवाखाने, शाळा आणि न्यायालयांभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. मखमलाबाद किंवा दिंडोरीकडे ओळखीच्या कुणाचा मळा असेल तर सकाळी आठनंतरची वेळ मागून घ्या, मात्र बागेत फवारणी चालू असेल त्या दिवशी जाऊ नका. गोदाकाठ मोकळा वाटतो खरा, पण गणपतीच्या आधी तिथे ढोल पथकांचा सराव सुरू झाला की शंभर डेसिबलचा पाइपही स्वतःला ऐकू येत नाही. मळ्यावर जाताना वाद्याच्या पेटीत जादा रीड, ताग, मेण, चार बुचं, फडका आणि पाण्याची बाटली असू द्या, आणि उन्हात उभं न राहता झाडाच्या सावलीत उभे राहा, नाहीतर जुळवलेले ड्रोन पाच मिनिटांत पुन्हा सुटतात.