मॅकवर विंडोजचं इंजिनीअरिंग सॉफ्टवेअर: बसवण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी मॅकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. तिथे इंटेल लिहिलंय की एम वन, एम टू असं काही, ते वहीत टिपून घ्या. पुढचा सगळा हिशोब त्या एका ओळीवर चालतो. इंटेल मॅक असेल तर ॲपलच्याच बूट कॅम्प या सोयीने अख्खी विंडोज वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, बसते. पण त्यात अधिकृत आधार विंडोज १० पर्यंतच आहे आणि त्या विंडोजचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर (एम वन, एम टू वगैरे), म्हणजे २०२०च्या शेवटापासून आलेल्या मॅकवर, बूट कॅम्प नाहीच. ही चिप इंटेलच्या नाही, आर्म नावाच्या धाटणीची आहे. तिथे पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्युजन हा प्रोग्राम घ्यायचा, त्यात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मॅकच्या आतला आभासी पीसी, तयार करायची आणि तिच्यात आर्मवरची विंडोज ११ चालवायची. पॅरलल्सला पैसे पडतात. फ्युजन नोव्हेंबर २०२४पासून सगळ्यांना मोफत आहे.

मग सॉफ्टवेअरची बाजू बघा. ऑटोकॅड आणि मॅटलॅब मॅकसाठी वेगळे मिळतात, त्यांच्यापायी विंडोज बसवायची गरज नाही. सॉलिडवर्क्स, रेविट, एटॅब्स, स्टॅड प्रो, टीआयए पोर्टल मात्र विंडोजचेच. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या डिझाइन ऑफिसांत यातलंच काही ना काही उघडलेलं दिसतं, म्हणून ते टाळून चालत नाही. हे प्रोग्राम इंटेलच्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले आहेत. आर्मवरची विंडोज ते चालता चालता भाषांतर करून चालवते. त्यामुळे छोटा पार्ट, चार मजली फ्रेम सहज होते. मोठी असेंब्ली फिरवताना दम लागतो. भाषांतर ड्रायव्हरचं मात्र होत नाही. लायसन्स यूएसबी डोंगलवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर, असेल किंवा पीएलसीला (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला) केबल जोडायची असेल, तर आर्मसाठीचा ड्रायव्हर आहे का हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. उत्तर 'नाही' आलं तर पुढचा खटाटोप करू नका, एखादा जुना विंडोज लॅपटॉप बघा.

रॅम किती? ॲपलच्या चिपच्या मॅकमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीवर मी कुणालाही हा सल्ला देणार नाही. १६ जीबी असेल तर विंडोजला ८ द्या, बाकीची मॅकला राहू द्या. डिस्कवर शंभर जीबी तरी मोकळी हवी, कारण विंडोज आणि दोन सॉफ्टवेअरच ती भरून टाकतात. तीन बटणांचा माऊस घ्याच. मधलं चाक दाबून मॉडेल फिरवायची सवय लागलेल्या हाताला ट्रॅकपॅड झेपत नाही.

आता लायसन्सबद्दल थोडं सविस्तर. गेल्या पावसाळ्यात सिडकोतून भाचीचा रात्री फोन आला, "मावशी, लायसन्सच सापडत नाही म्हणतंय, परवा सबमिशन आहे." तिने आदल्या दिवशी जागा करायला सगळी व्हर्च्युअल मशीन बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून तिथून उघडली होती. काही लायसन्सं त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या नंबराला बांधलेली असतात आणि कॉपी करताना तो नंबर बदलू शकतो. तिच्या बाबतीत तेच झालं. नशिबाने जुनी मशीन अजून पुसलेली नव्हती. ती परत उघडली आणि काम सुरू झालं. पोरीचा रडवेला आवाज अजून कानात आहे, म्हणून सांगते: मशीन हलवण्याआधी सॉफ्टवेअरमधून लायसन्स परत करा, मगच हलवा. विद्यार्थी लायसन्स घेत असाल तर त्याची मुदत सबमिशनच्या तारखेच्या पुढे जाते ना, तेही बघा.

बसवून झाल्यावर, काही कामाला हात लावण्याआधी, व्हर्च्युअल मशीनचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्या. विंडोजच्या अपडेटने काही बिघडलं तर पाच मिनिटांत मागे येता येतं. प्रोजेक्टची फाइल मॅकच्या डेस्कटॉपवर ठेवू नका. पॅरलल्स तो विंडोजलाही दाखवतो, पण आयक्लाउड चालू असेल तर जागा कमी पडताच फाइल तिकडे सरकते आणि ॲनालिसिस मध्येच अडकतं. विंडोजच्या सी ड्राइव्हवर फोल्डर करा, बॅकअप वेगळा घ्या. कॉलेजला न्यायचा पेनड्राइव्ह एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून ठेवा. एनटीएफएस या विंडोजच्या प्रकारावर मॅक फक्त वाचतो, लिहीत नाही. आणि रात्रभर ॲनालिसिस लावायचं तर चार्जर लावून मॅकची झोप बंद करा आणि झाकण उघडंच ठेवा, नाहीतर मॅक झोपला की तेही थांबतं.

शेवटी, सबमिशनच्या निदान पंधरा दिवस आधी एक जुनी सोडवलेली फाइल घरी पूर्ण चालवा आणि आकडे लॅबमधल्या आकड्यांशी ताडून बघा. तीच फाइल सेव्ह करून लॅबच्या पीसीवर उघडते का तेही बघा. घरी नवीन व्हर्जन आणि लॅबमध्ये दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ती उघडायची नाही. मग घरीही लॅबचंच व्हर्जन बसवा.