कपाशीवरचे तुडतुडे : पंख फुटण्याआधीच गाठा

कपाशीच्या पानाखाली कोंड्यासारखी पांढरी टरफलं चिकटलेली दिसली, तर तुडतुडे (पानातला रस शोषणारे बारीक किडे) मेले असं समजू नका. ती त्यांची कात आहे, म्हणजे पिल्लं वाढताहेत.

पानाच्या शिरेत घातलेल्या अंड्यातून निघालेलं पिल्लू पंख येईपर्यंत साधारण पाच वेळा कात टाकतं. कातडं ताणत नाही. अंग वाढलं की पाठीवर चीर पडते आणि आतून फिकट, मऊ पिल्लू सरकत बाहेर येतं. मधल्या अवस्थेत खांद्यामागे पंखांचे बारीक कोंब दिसू लागतात आणि दर कातीला लांबत जातात. शेवटची कात टाकली की पंखांच्या शिरांमध्ये रक्त भरून पंख उलगडतात. हवामानाप्रमाणे यात एक ते तीन आठवडे जातात. तेवढीच आपली संधी, कारण पंख आले की तुडतुडा शेजारच्या वावरातही जातो.

एकरी २० झाडं पाहा. प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान न तोडता हळूच उलटा आणि तिरकी पळणारी हिरवट पिल्लं मोजा. दर पानाला सरासरी २ ते ३ भरली, तर फवारणीची वेळ झाली. पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली वळेपर्यंत थांबलात तर उशीर होतो.

संख्या त्याहून कमी असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घाला, एकूण १०० लिटर करा आणि त्याच दिवशी फवारा.

पातळी ओलांडली आणि बिनपंखी पिल्लंच जास्त असतील, तर बुप्रोफेझीन २५ एससी हे कीटकनाशक, १० लिटर पाण्यात २० मिली. याने नवं कातडं नीट तयार होत नाही, पिल्लू पुढची कात टाकताना मरतं. म्हणून परिणाम दिसायला तीन ते सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी पिल्लं जिवंत दिसली म्हणून घाईने दोन-तीन औषधं एकत्र करून मारू नका. पैसा जातो, मित्रकीटकही मरतात. मोठ्या तुडतुड्यांवर मात्र हे औषध चालत नाही. पंखवालेच जास्त असतील तर फ्लोनिकॅमिड ५० डब्ल्यूजी, १० लिटरला ३ ग्रॅम.

नोझल पानाच्या खालच्या बाजूला लागलं पाहिजे. शिरेतली अंडी फवारणीतून वाचतात, म्हणून आठव्या दिवशी पुन्हा मोजणी करा. युरिया जादा दिलेल्या लुसलुशीत कपाशीत आधी बघा.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे, मास्क, चष्मा घातल्याशिवाय पंप पाठीला लावू नका, मजुरालाही लावू देऊ नका. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका.