दोन देशांतील हिंसाचाराची तुलना कशी करावी

जगातील सर्वांत धोकादायक देश कोणता, हे सांगणाऱ्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात; परंतु धोका कोणाला, कशापासून आणि कोणत्या काळात, हे ठरवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. आघाडीवर पडलेला सैनिक, खंडणी न दिल्यामुळे गोळी घातलेला दुकानदार, घरातच नवऱ्याकडून मारली गेलेली स्त्री आणि युद्धामुळे दवाखाना बंद पडल्याने दगावलेले मूल हे चौघेही हिंसेचे बळी असतात. आकडेवारीत मात्र पहिल्याची नोंद एका ठिकाणी होते, पुढच्या दोघांची दुसऱ्या ठिकाणी, आणि चौथ्याची बहुधा कुठेच होत नाही. म्हणून कोणतीही यादी उघडण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. प्रवास करायचा आहे, धोरणाचा अभ्यास करायचा आहे की आश्रय मागणाऱ्या माणसाची भीती कितपत साधार आहे हे तपासायचे आहे, यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

सर्वसाधारण तुलनेसाठी सुरुवात हत्येच्या दरापासून करावी. चोरी, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार यांचे आकडे देशादेशांत ताडून पाहणे जवळजवळ निरर्थक ठरते, कारण ते गुन्ह्यांइतकेच तक्रार करण्याच्या धैर्यावर आणि कायद्यातील व्याख्येवर अवलंबून असतात. स्वीडनमध्ये बलात्काराची व्याख्या व्यापक आहे आणि एकाच पीडितेवर झालेले प्रत्येक कृत्य स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदले जाते. त्यामुळे तिथला दर चढा दिसतो आणि तक्रारीच दाबल्या जाणारे देश सुरक्षित भासतात. मृतदेह लपवणे तुलनेने कठीण असते, म्हणून हत्येचा आकडा अधिक भरवशाचा. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 4 लाख 58 हजार हेतुपुरस्सर हत्या झाल्या, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे 5.8. हा आकडा जवळ ठेवला की बाकीचे दर वाचायला सोपे जातात.

दर स्वतः काढून पाहावा. एल साल्वादोरमध्ये 2015 साली 6,656 हत्या नोंदल्या गेल्या आणि लोकसंख्या 63 लाखांच्या आसपास होती. हत्यांच्या संख्येला लोकसंख्येने भागून एक लाखाने गुणले की 105 च्या आसपास दर येतो. जपानमध्ये हाच दर वर्षानुवर्षे 0.5 च्याही खाली राहिला आहे. लहान देशांच्या बाबतीत मात्र एकाच वर्षावर विसंबू नये: सुमारे 3 लाख 80 हजार वस्तीच्या आइसलँडमध्ये एक हत्या जास्त झाली तरी दर 0.26 ने वाढतो. किमान पाच वर्षांची सरासरी घ्यावी आणि शक्य असेल तिथे देशाच्या आतही डोकवावे. मेक्सिकोत कोलिमा राज्याचा दर अलीकडच्या काही वर्षांत शंभरच्या घरात गेला, तर युकातानचा अनेक युरोपीय देशांच्या जवळपास राहिला. या दोन राज्यांतील माणसांना एकच राष्ट्रीय सरासरी लावणे हा दोघांवरही अन्याय आहे.

युद्ध आणि सशस्त्र संघर्षासाठी वेगळे स्रोत लागतात, कारण हत्येच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत लढाईतले मृत्यू मोडत नाहीत. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा संघर्षविषयक प्रकल्प यासाठी सर्वाधिक वापरला जातो. वर्षात लढाईत 25 मृत्यू झाले की तो त्यास सशस्त्र संघर्ष मानतो आणि 1,000 मृत्यूंना युद्ध म्हणतो. राज्यसत्तेचा सहभाग असलेला संघर्ष, बिगर-सरकारी गटांमधील संघर्ष आणि निःशस्त्र नागरिकांवरील एकतर्फी हिंसा अशा तीन वर्गांत त्याच्या नोंदी असतात. त्यातली एखादी नोंद उघडून नीट वाचावी. तारीख, ठिकाण आणि दोन्ही बाजूंची नावे यांच्यासोबत मृतांचे तीन आकडे दिलेले असतात: किमान, कमाल आणि सर्वांत संभाव्य. ठिकाण किती अचूकपणे ठाऊक आहे, यासाठीही स्वतंत्र रकाना असतो. बातम्यांत मात्र यातला सर्वांत संभाव्य आकडा तेवढा उचलला जातो आणि अनिश्चितता गळून पडते. तुलना करताना तिन्ही आकडे सोबत ठेवावेत; दोन देशांच्या किमान-कमाल मर्यादा एकमेकींत मिसळत असतील, तर त्यांतला अधिक हिंसाग्रस्त कोणता, हे ठामपणे सांगता येत नाही.

हत्यांचे आणि संघर्षातील मृत्यूंचे आकडे सरसकट बेरजेत घालण्याचा मोह टाळावा. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांमधील लढाया उप्सालाच्या यादीत बिगर-सरकारी संघर्ष म्हणून येतात आणि तेच मृतदेह सरकारी हत्यांच्या आकड्यातही असतात. बेरीज केली की तोच माणूस दोनदा मोजला जातो. उलट, तिथे अधिकृत नोंदीत बेपत्ता असलेल्यांची संख्या 2022 सालीच एक लाखाच्या वर गेली होती, आणि त्यांतले जे आज हयात नाहीत, ते बहुतांशी दोन्ही याद्यांच्या बाहेर आहेत.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण वगळतात: आकडा कोणी मोजला आणि मोजणाऱ्याला कुठपर्यंत जाता आले, हे तपासणे. नोव्हेंबर 2020 ते नोव्हेंबर 2022 या काळात इथिओपियातील तिग्रे प्रांतात युद्ध चालू असताना दूरध्वनी आणि इंटरनेट दीर्घकाळ बंद होते व पत्रकारांना प्रवेश जवळजवळ नव्हता. बातम्यांवर आधारलेल्या नोंदी अशा वेळी तोकड्याच पडणार. जिथून बातमी येत नाही तिथे शांतता आहे असे मानणे ही या विषयातील सर्वांत क्रूर चूक आहे, कारण तिच्यामुळे सर्वाधिक एकाकी पडलेली माणसेच हिशेबातून नाहीशी होतात. तक्त्यातली रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. ती रिकामीच ठेवावी आणि तसे लिहावे.

मोजण्याची पद्धत बदलली की चित्र किती बदलते, हे इराकवरून कळते. 2006 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात घरोघरच्या पाहणीवर आधारलेला सुमारे 6 लाख 55 हजार अतिरिक्त मृत्यूंचा, म्हणजे युद्ध नसते तर टळले असते अशा मृत्यूंचा, अंदाज प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, मुख्यतः बातम्यांवरून पडताळलेले नागरिकांचे हिंसक मृत्यू मोजणाऱ्या ‘इराक बॉडी काउंट’चा आकडा 50 हजारांच्या आसपास होता. पाहणीच्या पद्धतीवर कडक टीका झाली हे खरे. पण दोघांनी मोजलेली वस्तूच वेगळी होती, हेही तितकेच खरे. एका देशासाठी पहिल्या प्रकारचा आणि दुसऱ्यासाठी दुसऱ्या प्रकारचा आकडा घेऊन केलेली तुलना कितीही आकर्षक दिसली तरी बाद समजावी.

सरकारी आकड्यांनाही हीच कसोटी लावावी. एल साल्वादोरमध्ये मार्च 2022 पासून गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध आणीबाणी लागू आहे आणि 2024 चा अधिकृत हत्येचा दर दोनच्याही खाली सांगितला जातो. घट खरी आहे आणि ती फार मोठी आहे. मात्र सुरक्षा दलांशी झालेल्या चकमकीत मारले गेलेले आणि गुप्त दफनस्थळी सापडलेले मृतदेह त्या आकड्यात धरले जात नाहीत, आणि कोठडीत शेकडो मृत्यू झाल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहे. टोळ्यांपासूनचा धोका कमी झाला आणि सत्तेपासूनचा वाढला, अशी दोन विधाने इथे स्वतंत्रपणे करावी लागतात.

जागतिक शांतता निर्देशांकासारखे एकत्रित क्रमांक पहिल्या ओळखीपुरते वापरावेत. त्यात 163 देशांना 23 निकषांवर गुण दिले जातात. लष्करी खर्च आणि शस्त्रसाठा हेही त्यांत येतात. आइसलँड 2008 पासून पहिल्या स्थानावर आहे, पण तिथल्या रस्त्यावर फिरण्यातला धोका आणि त्या देशाला स्थायी सैन्य नसणे या गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

शेवटी धोका कोणाच्या वाट्याला येतो हे पाहावे. जगातील हत्यांच्या बळींत सुमारे 80 टक्के पुरुष असतात. मात्र 2023 साली मारल्या गेलेल्या सुमारे 85 हजार स्त्रिया आणि मुलींपैकी जवळपास 51 हजार जणी जोडीदाराच्या किंवा कुटुंबीयांच्या हातून मेल्या. त्यामुळे एकूण दर कमी असलेला देश स्त्रियांसाठीही तितकाच सुरक्षित असेलच असे नाही. मृत्यूंच्या जोडीला विस्थापितांची संख्या ठेवावी: जिथून माणसे आधीच पळून गेली आहेत, तिथे मारायला उरलेलेच कमी असतात आणि मृत्यूचा आकडा त्यामुळेच खाली येऊ शकतो. पूर्ण झालेल्या तुलनेत प्रत्येक आकड्यासमोर वर्ष, स्रोत, कोणते मृत्यू धरले व कोणते वगळले, एवढे लिहिलेले असावे. ज्या आकड्यासमोर हे लिहिता येत नाही, तो तक्त्यातून काढून टाकावा.