नेट काढून गेम तपासा: परताव्याची मुदत संपण्याआधी करायची कामं

गेम एकट्याने खेळायचा आहे, मशीन आपलं आहे, सगळे जीबी हार्ड डिस्कवर उतरवून झालेत, आणि तरी राउटर बंद पडला की गेम मेन मेनूच्या पुढे सरकत नाही. हा त्रास जुना आहे. 2010 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड 2’ पीसीवर आला तेव्हा खेळता खेळता नेट तुटलं की गेम जागच्या जागी थांबायचा. मार्च 2013 मध्ये ‘सिमसिटी’ घेतलेले लोक सर्व्हरच्या रांगेत ताटकळत बसले. सर्व्हरशिवाय हा गेम चालवायचा तर फार मोठं काम करावं लागेल, असं तेव्हा सांगण्यात आलं. वर्षभराने, मार्च 2014 मध्ये, त्याच गेमला अपडेटमधून ऑफलाइन मोड मिळाला.

‘द क्रू’चं तर त्याहून वाईट झालं. 2014 चा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एकट्यानेही खेळता यायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्क हातात असलेल्यांचाही गेम संपला. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम त्यातूनच उभी राहिली आणि युरोपातल्या तिच्या नागरिक-याचिकेवर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. नियम बदलतील तेव्हा बदलतील. आज आपल्या हातात परताव्याची मुदत आहे आणि ती नीट वापरणारे फार थोडे आहेत.

स्टीम, एपिक आणि गॉग ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं. स्टीमवर ही मुदत खरेदीपासून 14 दिवस आणि खेळण्याचे 2 तास अशी आहे. दोन्ही अटी पाळाव्या लागतात. एपिकवरही साधारण हेच आकडे आहेत. गॉगवर 30 दिवस मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवर 14 दिवस आहेत खरे, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क जवळजवळ संपतोच, त्यामुळे तिथे जी काय तपासणी करायची ती पैसे भरण्याआधी.

घेण्याआधी काय वाचायचं

स्टीमच्या पानावर ट्रेलर आणि वर्णन डावीकडे असतं. कामाची माहिती उजवीकडच्या अरुंद रकान्यात, वैशिष्ट्यांच्या यादीखाली असते. तिथे ‘रिक्वायर्स थर्ड-पार्टी अकाउंट’ असं दिसलं तर स्टीमवर पैसे भरूनही दुसऱ्या कंपनीचं खातं उघडावं लागणार. डीआरएम म्हणजे प्रत अस्सल आहे का ते तपासणारं सॉफ्टवेअरचं कुलूप आणि ‘डेन्युव्हो’ हा त्यातलाच एक प्रकार. ‘इनकॉर्पोरेट्स थर्ड-पार्टी डीआरएम’च्या पुढे ‘डेन्युव्हो’ लिहिलेलं असेल तर त्याच ओळीत सहसा मर्यादाही दिलेली असते: एका दिवसात 5 वेगवेगळ्या पीसींवर सक्रिय करता येईल. ‘इन-ॲप पर्चेसेस’ लिहिलेलं असेल तर गेमच्या आत दुकान आहे हे धरून चाला. एवढ्यावर समाधान होत नसेल तर पीसीगेमिंगविकीवर गेमचं नाव शोधा. डीआरएम कुठला, सेव्ह फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाते आणि कुठल्या दुकानातली प्रत बंधनमुक्त आहे, हे तिथे तक्त्यात मिळतं.

वर्णनात ‘सिंगल-प्लेअर’ लिहिलंय म्हणजे गेम ऑफलाइन चालेल, असं मात्र मुळीच धरू नका. ‘ग्रान टुरिझ्मो 7’ मध्ये एकट्याने खेळायचा बराचसा भाग सर्व्हरला बांधलेला आहे. मार्च 2022 मध्ये देखभालीचं काम लांबलं, तेव्हा लोकांना एक दिवसाहून जास्त काळ स्वतःच्या गाड्यांपर्यंतही पोहोचता आलं नाही.

नेट काढून करायची चाचणी

पहिले दोन तास गोष्टीत रमू नका. त्यातला पाऊण तास तपासणीला द्या.

गेम पूर्ण उतरला की स्टीमच्या डाउनलोडच्या पानावर त्याचं एकही अपडेट बाकी नाही ना, ते बघा. बाकी असेल तर ऑफलाइनमध्ये स्टीम गेम सुरूच करू देत नाही, आणि प्रवासात लॅपटॉप उघडल्यावर होणारी निराशा बहुतेक वेळा याच कारणाने असते. मग नेट चालू ठेवूनच गेम एकदा मेन मेनूपर्यंत न्या आणि बंद करा. सक्रिय करण्याचं काम, लाँचरचं (गेम उघडून देणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमचं) लॉगिन, अटींवरची मान्यता, सगळं या पहिल्या खेपेला उरकतं. आता स्टीमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या मेनूतून ‘गो ऑफलाइन’ निवडा.

इथे थांबू नका. स्टीम ऑफलाइन गेलं तरी गेम स्वतः नेट वापरू शकतो, म्हणून वाय-फाय बंद करा किंवा राउटरची केबल उपसा. गेम पुन्हा सुरू करा. नवा खेळ सुरू होतो का? सेव्ह होतं का? बाहेर पडून तेच सेव्ह उघडतं का? घेतलेलं डीएलसी (मूळ गेमला जोडण्यासाठी वेगळं विकलं जाणारं साहित्य) यादीत दिसतं का? शेवटी नेट जोडा, खेळायला लागा आणि मध्येच केबल काढा. सुसह्य गेम कोपऱ्यात सूचना दाखवून चालू राहतो. वाईट गेम तुम्हाला मेनूवर आणून टाकतो आणि शेवटच्या सेव्हनंतरची कमाई जाते. ‘हिटमॅन’च्या नव्या मालिकेत तिसराच प्रकार आहे: मोहीम ऑफलाइन चालते, पण नवी हत्यारं आणि सुरुवातीच्या नव्या जागा उघडण्याची प्रगती नोंदली जात नाही. म्हणून नुसतं ‘चालतो’ एवढ्यावर समाधान मानू नका.

घड्याळावर लक्ष हवं. स्टीम गेमची प्रक्रिया चालू असण्याचा वेळ मोजतं. दुसऱ्या कंपनीचा लाँचर उघडा राहिला, शेडर (ग्राफिक्ससाठी लागणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत राहिले, तुम्ही चहा प्यायला गेलात, तो सगळा वेळ त्याच दोन तासांत जातो. महागड्या आवृत्तीबरोबर मिळणाऱ्या आगाऊ प्रवेशातला वेळही एप्रिल 2024 पासून यातच धरला जातो.

चाचणीत गेम नापास झाला तर स्टीमच्या ‘हेल्प’मधल्या ‘पर्चेसेस’ विभागात जाऊन गेम निवडा आणि परतावा मागा. कारणाच्या चौकटीत एकच सरळ वाक्य पुरतं: एकट्याने खेळायचा गेम नेटशिवाय चालत नाही. मंजुरीनंतर रक्कम साधारण आठवडाभरात येते. ज्या मार्गाने पैसे भरले त्या मार्गाने परत पाठवणं शक्य नसेल तर ती स्टीम वॉलेटमध्ये जमा होते, हे भरतानाच लक्षात ठेवा.

आधी पास झालेला गेम महिन्याभराने अडून बसला, तर कारणं ठरलेली असतात. लाँचरचं लॉगिन कालबाह्य झालेलं असतं. तो अधूनमधून नेटला लावून उघडावा लागतो. डेन्युव्होवाल्या गेममध्ये हार्डवेअर बदललं की गेम मशीनला नवं समजतो आणि पुन्हा नेट मागतो. स्टीम डेक या हातात धरायच्या मशीनवर प्रोटॉनची (विंडोजचे गेम तिथे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती बदलली तरी तेच होतं, म्हणून एका संध्याकाळी पाच-सहा आवृत्त्या आलटूनपालटून बघू नका, दिवसभरासाठी दार बंद होईल. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली असेल तर तारीख मागे पडते आणि लॉगिनच नाकारलं जातं. सीआर2032 नावाची ही बॅटरी स्वस्तात मिळते आणि बदलायला पाच मिनिटं लागतात.

डीएलसी: बेरीज आधी करा

2006 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा लोक चिडले होते. आज ‘सिम्स 4’चा मूळ गेम फुकट आहे, पण त्याची सगळी जोडणी घ्यायची तर हजार डॉलरच्या वर जाते. म्हणून मूळ किंमत बघून ठरवू नका. दुकानाच्या पानावर डीएलसीची पूर्ण यादी उघडा आणि तीन ढीग करा: नवी गोष्ट किंवा नवा प्रदेश देणारी विस्तारं, नुसते पोशाख आणि रंग, आणि गेमची मूळ गैरसोय पैसे घेऊन दूर करणाऱ्या वस्तू. पहिल्या ढिगाची बेरीज मूळ किमतीत मिळवा. तीच गेमची खरी किंमत. तिसरा ढीग मोठा असेल तर तो गेम घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जिथे वेळ वाचवणं विकायला ठेवलेलं असतं, तिथे वेळ खाणारा भाग मुद्दाम लांबवण्यात कंपनीचा फायदा असतो.

गेममधल्या नाण्यांचा हिशोब कागदावर मांडा. समजा पोशाख 700 नाण्यांचा आहे आणि नाणी 500 किंवा 1,000 च्याच गठ्ठ्यात मिळतात. 1,000 चा गठ्ठा 800 रुपयांना असेल तर पोशाखाची किंमत 560 रुपये वाटते, पण खिशातून 800 जातात. उरलेली 300 नाणी पुढच्या खरेदीसाठी आमिष म्हणून पडून राहतात. मुलाच्या हातात फोन देणाऱ्यांनी प्ले स्टोअरच्या सेटिंगमधली खरेदीची पडताळणी प्रत्येक खरेदीला मागितली जाईल अशी लावून ठेवावी.

पॅराडॉक्सच्या ‘क्रुसेडर किंग्ज 3’ किंवा ‘हार्ट्स ऑफ आयर्न 4’ सारख्या गेममध्ये मित्रांसोबत खेळताना यजमानाकडे असलेलं डीएलसी सगळ्यांना वापरता येतं. चौघांच्या गटात एकानेच घेतलं तरी भागतं. स्टीमवर डीएलसीचाही परतावा मिळतो: 14 दिवसांच्या आत, ते घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांहून कमी खेळलेला असेल आणि डीएलसी वापरून संपलेलं नसेल तर. सीझन पासमध्ये (पुढच्या डीएलसीच्या आगाऊ एकत्र खरेदीत) अजून न बनलेल्या वस्तू असतात, म्हणून शेवटचा भाग आल्यावर निघणाऱ्या एकत्रित आवृत्तीची वाट बघणं केव्हाही बरं.

कन्सोलवाल्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकाकडून डिस्क मागवली की मूळ गेम इथल्या प्लेस्टेशनवर बिनतक्रार चालतो. पण डीएलसी डिस्कच्या विभागाशी जुळावं लागतं. अमेरिकी डिस्कवर भारतीय स्टोअरमधून घेतलेलं डीएलसी बहुतेक वेळा दिसतच नाही आणि पैसे अडकतात. तसंच पीएस5 वर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ हे सेटिंग आपल्याच मशीनवर चालू आहे ना, ते बघून ठेवा. ते दुसऱ्या मशीनवर चालू राहिलं तर नेट गेल्यावर डिजिटल गेमवर कुलूप दिसतं.

स्वतःकडे ठेवायची प्रत

जे गेम पुन्हा पुन्हा खेळणार आहात ते शक्य तर गॉगवरून घ्या आणि तिथली ऑफलाइन इन्स्टॉलर फाइल लगेच उतरवा. मोठ्या गेममध्ये ‘सेटअप’ने सुरू होणारी एक ईएक्सई फाइल आणि शेवटी 1, 2, 3 असे आकडे असलेल्या सुमारे 4 जीबीच्या बिन फाइली असतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. एक जरी गहाळ झाली तरी इन्स्टॉलर मध्येच थांबतो. डीएलसीच्या फाइली वेगळ्या उतरवाव्या लागतात आणि त्यांची आवृत्ती मूळ गेमशी जुळावी लागते, म्हणून दोन्ही एकाच दिवशी घ्या. ज्या डिस्कवर ठेवणार ती फॅट32 (फाइली साठवण्याची जुनी पद्धत) असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल चढणार नाही. आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आणि फॉरमॅट करताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं हे विसरू नका. मग नेट बंद करून त्या डिस्कवरून गेम एकदा बसवून बघा, आणि फोल्डरच्या नावात तारीख व डीएलसीची नावं लिहून ठेवा.