चर्चमध्ये नवीन कोणी आलं की काय करायचं (आणि काय अजिबात नाही)

अमेरिकेतल्या उपनगरांत फिरलात तर एपिस्कोपल चर्चची (अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून आलेल्या कुटुंबातलं अमेरिकेतलं चर्च) पाटी दिसतेच, 'द एपिस्कोपल चर्च वेलकम्स यू'. पण पुढचा लाल दरवाजा ओढून बघा, बऱ्याचदा बंद, कारण जुनी मंडळी सगळी पार्किंगच्या बाजूच्या दाराने आत जातात आणि नवीन माणसाला ते दार कुठून माहीत असणार! म्हणून पहिलं काम, रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी पुढचं दार उघडा आणि तिथे एक माणूस उभा करा. स्वतःच्या गाड्या जरा लांब लावा.

दुसरं म्हणजे जागा. "ही आमची नेहमीची जागा आहे हो" हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही, हसत हसत पण नाही. ॲब्सलम जोन्स माहितीयत ना, एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय प्रीस्ट? ते फिलाडेल्फियातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करत होते तेव्हा तिथली मंडळी त्यांना, कृष्णवर्णीय म्हणून, जागेवरून उठवायला गेली, मग ते आणि त्यांचे लोक तिथून निघालेच, आणि पुढे १७९४ मध्ये त्यांची सेंट थॉमस मंडळी उभी राहिली. नवीन माणसाला एकदम पुढे पण बसवू नका, पुढे कोणी नसेल तर कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे बिचारा बघणार कोणाकडे?

पुस्तकांचा गोंधळ तर ठरलेला. प्रार्थनापुस्तक १९७९चं, गाण्यांचं पुस्तक वेगळं, त्यात हातात बुलेटिन (त्या दिवशीच्या उपासनेचा छापील कागद). शेजारी बसून हळूच "पान ३५५" एवढं सांगितलंत (राइट टू, म्हणजे आजच्या भाषेतली उपासना असेल तर) तरी पुष्कळ. प्रभुभोजनाचं आधीच सांगून ठेवा, कुठल्याही चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला असेल तर घेता येतं, नको असेल तर छातीवर हात आडवे धरून पुढे जायचं, प्रीस्ट आशीर्वाद देतात, आणि जागेवर बसून राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. आपल्याकडचं कोणी सीएनआयमधून (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आलं असेल तर सांगा की ते पण अँग्लिकन कुटुंबातलंच आहे, बाप्तिस्मा परत घ्यावा लागत नाही. उभं राहून सगळ्यांसमोर ओळख करून द्यायला मात्र लावू नका प्लीज.

खरी परीक्षा उपासनेनंतरच्या कॉफी अवरला. सगळे ओळखीचे गोल करून छपराच्या गळतीवर आणि वेस्ट्रीच्या (चर्चच्या कारभारी समितीच्या) मीटिंगवर बोलत असतात आणि नवीन माणूस कप धरून भिंतीवरचे फोटो बघतोय. आपण नियम करायचा, पहिली तीन मिनिटं अनोळखी माणसाशीच बोलायचं. "मूळचे कुठले?" हा प्रश्न पहिलाच नको, मला एकाच सकाळी पाच जणांनी विचारला होता, पाचव्यांदा मी चर्चच्या मागच्या गल्लीचं नाव सांगितलं.

आता वारसा. इमारत कधी बांधली, ऑर्गन कोणी दिला ही यादी नवीन माणसाला नको असते, भिंतीवरची ढाल (एपिस्कोपल चर्चचं चिन्ह) दाखवा, काम होतं. पांढऱ्यावर लाल क्रॉस तो इंग्लंडच्या चर्चचा. कोपऱ्यातल्या निळ्या चौकोनात नऊ छोटे क्रॉस, म्हणजे १७८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात होते ते नऊ डायोसिस (एकेका बिशपच्या हाताखालचे प्रांत), आणि ते मांडलेत तिरक्या स्कॉटिश क्रॉसच्या आकारात. का? तर सॅम्युअल सीबरींना बिशप व्हायचं होतं, इंग्लंडमध्ये राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागायची, स्वतंत्र अमेरिकेतला माणूस ती कशी घेणार, म्हणून ते गेले स्कॉटलंडला आणि १७८४ मध्ये ॲबरडीनला बिशप झाले. एवढं सांगून थांबायचं, समोरच्याने विचारलं तरच पुढे.

दोन दिवसांत एक छोटा मेसेज टाका, त्यात प्लेज कार्ड (वर्षभरात किती देणगी देणार ते लिहून द्यायचं कार्ड) नको. तिसऱ्या रविवारी लगेच ऑल्टर गिल्डला (वेदीची तयारी करणाऱ्या गटाला) पण जोडू नका, लोक पळतात हो. नाव लक्षात ठेवा, आणि ते जमत नसेल (मला जमत नाही) तर नेमटॅग सगळ्यांनीच लावा, एकट्या नवीन माणसाच्या छातीवर चिकटवला की तो लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा दिसतो. टॅगचा डबा मात्र बाजूच्या दाराशी एक आणि लाल दाराशी एक, असे दोन ठेवा.