मराठी विकिपीडियावर लिहायचंय? आधी एवढं जमवा

संपादनाची खिडकी उघडण्यापूर्वी टेबलावर एक पुस्तक असलं पाहिजे. बाकीची तयारी त्यानंतर. बहुतेक नवी मंडळी उलट्या बाजूने शिरतात. आधी खातं उघडतात, मग आपल्या गावाचा लेख शोधतात, आठवेल ते भराभर लिहितात आणि दुसऱ्या दिवशी ते उडालेलं पाहून चिडतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथल्या वादांच्या मुळाशी पुष्कळदा एवढंच असतं की एकाकडे आठवण होती आणि दुसऱ्याने छापील आधार मागितला. म्हणून शिष्टाचाराची ही यादी ‘नमस्कार’ने सुरू न होता पुस्तकाने सुरू होते.

उदाहरणाला वाई घेऊ. कृष्णाकाठचं हे तालुक्याचं गाव बहुतेकांना ढोल्या गणपतीमुळे माहीत असतं. त्याच्याबद्दल दोन परिच्छेद लिहायचे तर आधी काय गोळा करावं? ब्रिटिश अधिकारी जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांपैकी, म्हणजे जिल्ह्यांच्या माहितीच्या सरकारी ग्रंथांपैकी, साताऱ्याचा खंड १८८५ चा आहे आणि तो आंतरजालावर फुकट वाचायला मिळतो. लोकसंख्या, क्षेत्र, शाळा-दवाखाने यांसाठी २०११ च्या जनगणनेची सातारा जिल्ह्याची पुस्तिका घ्या. मराठी विश्वकोशही उघडा. त्या प्रकल्पाचं घर वाईतच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथूनच तो उभा केला आणि पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. विश्वकोशाच्या गावाबद्दल तरी आधाराशिवाय लिहू नये, एवढी लाज बाळगायला हरकत नाही.

पुस्तक मिळालं की मजकुराच्या पानाबरोबरच शीर्षकपानाचा आणि प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानाचाही मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक हे सगळं संदर्भात लागतं. ग्रंथालयातून घरी आल्यावर नेमका पृष्ठक्रमांक आठवत नाही आणि मग लोक ‘साताऱ्याचा इतिहास या पुस्तकातून’ असा मोघम संदर्भ टाकतात. तो कुणालाच ताडून पाहता येत नाही, म्हणजे असून नसल्यासारखा.

आजीने सांगितलेलं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. ते तुमच्या वहीत ठेवा, गावच्या स्मरणिकेत छापा, पण विकिपीडियावर नको. तुमची आजी खोटं बोलत नसेल, पण वाचणाऱ्याने ते पडताळायचं कसं? वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, असं तिथे सांगतात. वाईला दक्षिण काशी म्हणतात. तशी पैठणलाही म्हणतात आणि कोल्हापूरलाही, आणि प्रत्येक गावाला आपलीच काशी खरी वाटते. लेखात हे येऊ शकतं, पण ‘अशी परंपरागत समजूत आहे’ अशा शब्दांत आणि ती समजूत कुठल्या ग्रंथात नोंदली आहे ते सांगून. ‘पवित्र’, ‘ऐतिहासिक वारसा लाभलेले’, ‘निसर्गाची मुक्त उधळण’ हे शब्द घरी ठेवून या. तटस्थ लिहायचं म्हणजे बेचव लिहायचं असं नव्हे. मंदिर कोणी बांधलं, कधी बांधलं, दगड कुठला वापरला, हे सांगितलं की वाचणाऱ्याला कौतुक आपसूक वाटतं.

जुन्या ग्रंथांबाबत एक सावधगिरी. कॅम्पबेलच्या काळातल्या गॅझेटिअरांत जातींची स्वभाववर्णनं आहेत. कोण काटकसरी, कोण आळशी, कोण अस्वच्छ, असले शेरे साहेबी थाटात मारलेले आहेत. शेतसारा, बाजाराचे दिवस, पूल, देवळं यांची माहिती तिथून जरूर घ्या. हे शेरे मात्र वस्तुस्थिती म्हणून उतरवू नका. आणि १८८५ च्या ग्रंथातली लोकसंख्या ‘आहे’ म्हणून लिहू नका.

प्रताधिकार हा विषय नवशिक्यांना सर्वांत उशिरा कळतो, म्हणून तो आधीच शिकून घ्या. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं साहित्यावर प्रताधिकार राहतो. विश्वकोशातली नोंद, वर्तमानपत्रातला लेख, पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावरचा मजकूर यांतलं काहीही जसंच्या तसं चिकटवता येत नाही. खाली मूळ स्रोताचं नाव दिलं तरीही नाही. ‘सरकारी आहे म्हणजे सगळ्यांचं’ ही समजूतही चुकीची. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली वारले, त्यामुळे त्यांच्या ज्ञानकोशाची गोष्ट वेगळी. तो मुक्त आहे, पण त्यातली माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे. बाकी ठिकाणी वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आपल्या वाक्यांत लिहायचं. मूळ वाक्यातले चार शब्द बदलून रचना तीच ठेवली तर ती नक्कलच. उलट बाजूही लक्षात असू द्या. तुम्ही विकिपीडियावर लिहाल ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातं. उद्या कुणी ते पुस्तकात छापलं, अगदी विकलं, तरी श्रेय देऊन त्याच परवान्याने वापरल्यास तुम्हाला तक्रार करता येत नाही. हे पटत नसेल तर न लिहिलेलंच बरं.

छायाचित्र स्वतः काढलेलं असावं आणि ते विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रभांडारात, चढवावं. चौकातला पुतळा किंवा इमारत यांचा फोटो भारतीय कायद्याने चालतो. फलकावरचं चित्र, पुस्तकाचं मुखपृष्ठ, गूगलवरून उचललेला फोटो चालत नाही. यात फार डोकं घालवण्यासारखं काही नाही.

खातं उघडताना नाव विचारपूर्वक निवडा. तेच खातं कॉमन्सवर, विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या प्रकल्पावर, इंग्रजी विकिपीडियावर सगळीकडे चालतं. संस्थेचं, पक्षाचं, दुकानाचं नाव खात्याला देऊ नये आणि एक खातं चौघांनी वापरू नये. कॉलेजच्या कार्यशाळेत हे हमखास घडतं. खरं नाव देण्याची सक्ती नाही. सदस्यपानावर फोन नंबर आणि घरचा पत्ता मात्र कृपा करून टाकू नका. ईमेल जोडून ठेवा, नाहीतर पासवर्ड विसरलात की खातं गेलं.

मग धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान. तिथे काहीही खरडा. ठळक अक्षर, दुवा, संदर्भ, सारणी, सगळं मोडून-जोडून पाहा. देवनागरी लिहिण्याची सोय तिथेच आहे, कळफलकावरचं कंट्रोल आणि एम दाबून ती चालू-बंद होते. लेखाची भाषा छापील प्रमाण मराठी असते. मी इथे ‘केलं’, ‘झालं’ लिहितोय, तिथे ‘केले’, ‘झाले’ लिहावं लागेल.

नवा लेख काढायची घाई असेल तर आधी शोध घ्या, आणि एकाच प्रकारे शोधून थांबू नका. कराड आणि कऱ्हाड, ऱ्हस्व आणि दीर्घ, परदेशी नावांची दोन-तीन लेखनं, सगळं टाकून पाहा. ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर एकापेक्षा जास्त प्रकारे टंकता येतं. डोळ्यांना एकच दिसतं, यंत्राला वेगळं. त्यापायी एकाच विषयाचे जुळे लेख जन्माला येऊ शकतात. लेख सापडला आणि नाव तुमच्या मते चुकीचं निघालं, तर दुसरा लेख काढायचा नाही. आहे त्याच्या चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या बोलण्याच्या पानावर, नाव बदलण्याचं सुचवायचं.

खरं तर पहिलं काम नव्या लेखाचं नसावंच. महाराष्ट्रातल्या हजारो गावांचे लेख एकाच साच्यातून काढलेले आहेत. ‘अमुक तालुक्यातील एक गाव आहे’ असं एक वाक्य, आणि खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी शीर्षकं, बहुधा रिकामी. यातलं एक शीर्षक जनगणना पुस्तिकेच्या आधाराने भरणं हे दहा नव्या दोन-ओळी लेखांपेक्षा मोलाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. विकिपीडियाच्या लेखनस्पर्धांत लेखांची संख्या मोजतात, त्याला काही इलाज नाही.

स्वतःबद्दल, स्वतःच्या वडिलांबद्दल, आपल्या शिक्षणसंस्थेबद्दल किंवा कवितासंग्रहाबद्दल लिहू नका. फारच वाटलं तर चर्चा पानावर संदर्भ देऊन सुचवा आणि नातं उघड सांगा. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या अटींतच आहे.

हयात व्यक्तींबद्दल लिहिताना दुप्पट जपायचं. २००५ साली जॉन सायगनथॅलर या अमेरिकी पत्रकारावरच्या इंग्रजी विकिपीडियाच्या लेखात कुणीतरी थट्टेने घातलं की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते वाक्य सुमारे चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवे लेख काढण्याची मुभा काढून घेतली. आपल्याकडे निवडणुका आल्या की उमेदवारांच्या लेखांवर दोन्ही बाजूंची फौज उतरते. तुम्ही त्या काळात तिकडे फिरकू नका, निदान पहिल्या वर्षी तरी.

इंग्रजी लेखाचं यंत्राने भाषांतर करून चिकटवणं हा सोपा मोह. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं काय झालं ते बघा. २०२० साली उघड झालं की तिथले हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने वर्षानुवर्षं लिहिले होते. हेतू चांगला होता, आणि मजकूर म्हणजे वेड्यावाकड्या स्पेलिंगातली इंग्रजी. भाषांतर करा, पण प्रत्येक वाक्य मराठीत पुन्हा मांडा आणि इंग्रजी लेखातले संदर्भ स्वतः उघडून पाहा. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या मजकुरात तर अस्तित्वात नसलेली पुस्तकं पृष्ठक्रमांकासह येतात.

आता जपून करायची ती गोष्ट, माणसं. मजकूर जतन करण्याआधी झलक पाहा आणि बदलाच्या सारांशात दोन शब्द लिहा. ‘जनगणना २०११ नुसार लोकसंख्या’, ‘शुद्धलेखन’, ‘तुटलेला दुवा काढला’ एवढं पुरतं. रिकामा सारांश पाहिला की अलीकडील बदलांवर नजर ठेवणाऱ्याला तुमचा हेतू ओळखत बसावं लागतं. हे लोक बिनपगारी आहेत आणि थोडे आहेत. त्यांच्याकडून उत्तर यायला चार दिवस लागले तर तो अपमान नव्हे.

तुमचा बदल कधीतरी कुणीतरी उलटवणार. त्या क्षणी पुन्हा तोच मजकूर टाकायचा नाही. आधी इतिहासाच्या पानावर जाऊन कोणी आणि काय कारण देऊन उलटवलं ते वाचा. सांगकाम्याने केलं असेल तर तो आपोआप चालणारा संगणकीय प्रोग्राम आहे, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. तो चालवणाऱ्या सदस्याला विचारा. माणसाने केलं असेल तर लेखाच्या चर्चा पानावर नवा विभाग काढून लिहा: ‘नमस्कार. मी अमुक पुस्तकाच्या पृष्ठ ४२ वरून हे वाक्य घेतले होते. आपल्याला यात काय खटकले ते सांगाल का?’ शेवटी टिल्डाची नागमोडी खूण चार वेळा टाकली की सही आणि वेळ आपोआप उमटते. दोघे अडून बसलात तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, तिसऱ्याचं मत मागा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याला अडवतात. मराठीत गोष्टी तिथवर नेऊच नका.

बोलताना अहो-जाहो. समोरचा विशीतला आहे की साठीतला, बाई आहे की पुरुष, हे सदस्यनावावरून कळत नाही. म्हणून दादा, ताई, सर, साहेब यांच्या भानगडीत न पडता ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’. ‘तुम्हाला मराठीचा अभिमान नाही का’ हे वाक्य चर्चा पानावर लिहिण्याचा मोह झाला की उठून चहा घ्या. आडनावावरून हेतू काढणं त्याहून वाईट. पदवीचा दाखलाही देऊ नका. इंग्रजी विकिपीडियावर धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवणारा एक वजनदार सदस्य २००७ साली तसा नसल्याचं निघालं. तेव्हापासूनच नव्हे, त्याआधीही नियम हाच होता की प्राध्यापकालाही पृष्ठक्रमांक द्यावा लागतो आणि बारावीच्या मुलालाही. समोरच्याने तुमच्यापेक्षा चांगला संदर्भ दाखवला तर तसं लिहून मोकळे व्हा. ‘बरोबर, माझा आधार जुना होता’ असं म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी लोक स्वतःहून मदत करतात.

बदल जतन झाला की ताऱ्याच्या खुणेवर टिचकी मारून लेखावर पहारा लावा, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल. लगेच काही घडणार नाही, कदाचित आठवडाभर कुणी बघणारही नाही. तोवर वाईशेजारच्या मेणवलीकडे वळा. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि घाटावरची ती घंटा, जी १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आल्याचं सांगतात. लेखात ही गोष्ट असेल तर तिला संदर्भ आहे का पाहा, नसेल तर तो शोधायला ग्रंथालयात जा.