लेमीसाठी पर्यायी इंटरफेस कसा तयार करावा आणि तो कसा सांभाळावा

फेडिव्हर्समध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरच्या जाळ्यात, चर्चा एका ठिकाणी साठवलेली असते आणि ती दाखवणारा पडदा, म्हणजे इंटरफेस, वेगळ्याच माणसाला तयार करता येतो. हे स्वातंत्र्य मला फार मोलाचे वाटते, कारण एखादा समुदाय त्याच्या रंगरूपाला कंटाळला म्हणून तो मोडावा लागत नाही. मात्र पडदा तयार करणे हे काही आठवड्यांचे काम आहे आणि तो चालू ठेवणे हे काही वर्षांचे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक निर्णय घेताना ‘हे मला तीन वर्षांनंतरही झेपेल का’ हा प्रश्न स्वतःला विचारावा, अशी माझी विनंती आहे. पुढचे सर्व टप्पे मी लेमी या सॉफ्टवेअरच्या आधाराने सांगत आहे.

लेमी हे २०१९ पासून विकसित होत असलेले, रेडिटच्या धर्तीवरचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा मागचा भाग रस्ट भाषेत लिहिलेला आहे, माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठते, आणि वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीनुसार बोलतात. ही नियमावली वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये शिफारस म्हणून मान्य केली. लेमीसोबत येणारा लेमी-यूआय हा अधिकृत इंटरफेस असला तरी तोही एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रामना सर्व्हरशी बोलता यावे यासाठी ठेवलेल्या दाराकडे, माहिती मागूनच पाने दाखवतो. त्यामुळे त्याला जे करता येते ते जवळजवळ सगळे तुमच्या कोडलाही करता येते.

पहिला टप्पा : कोणासाठी, हे ठरवणे

कोड लिहिण्यापूर्वी आधीचे पर्याय काही दिवस प्रत्यक्ष वापरून पाहावेत. फोटॉन आणि अलेक्झांड्राइट हे दोन्ही स्वेल्ट या जावास्क्रिप्ट चौकटीत लिहिलेले आहेत. व्हॉयेजर मोबाइलवरच्या ॲपसारखा चालतो. एमएलएमवायएम गो भाषेत लिहिलेला असून जुन्या रेडिटसारखा दिसतो आणि जावास्क्रिप्ट बंद असली तरी वाचता येतो. तुमची गरज यांपैकी एखाद्यात थोडी भर घालून भागत असेल, तर नवा प्रकल्प सुरू करण्यापेक्षा तिथेच हातभार लावावा. नवा इंटरफेस तेव्हाच काढावा, जेव्हा विशिष्ट वाचक डोळ्यांसमोर आहे: स्क्रीन रीडर वापरणारा, मंद नेटवर्कवरचा, किंवा दिवसाला शेकडो तक्रारी हाताळणारा मॉडरेटर.

परवान्याचा विचारही इथेच करावा. लेमी आणि लेमी-यूआय एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहेत. लेमी-यूआयचा कोड घेऊन त्यात बदल केले आणि ते लोकांना इंटरनेटवरून वापरायला दिले, तर बदललेला कोडही त्या वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो.

दुसरा टप्पा : स्वतःच्या संगणकावर सर्व्हर उभा करणे

चालत्या सर्व्हरवर प्रयोग करू नयेत. तिथे खरी माणसे असतात. सॉफ्टवेअर स्वतंत्र डब्यात चालवणाऱ्या डॉकरच्या साहाय्याने लेमी आपल्याच संगणकावर चालवता येते. शक्यतो असे दोन सर्व्हर चालवावेत आणि त्यांना एकमेकांशी जोडावे, कारण संघीय जाळ्यातल्या अडचणी एकाच सर्व्हरवर दिसतच नाहीत. एपीआयशी बोलण्यासाठी लेमीचीच टाइपस्क्रिप्टमधील लायब्ररी आहे. तिच्यातील माहितीचे प्रकार (टाइप) मूळ रस्ट कोडवरून आपोआप तयार होतात, म्हणून एखादे क्षेत्र (फील्ड) बदलले की कोड बांधतानाच चूक समोर येते. या लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवावी आणि तिला हाक मारणारा सर्व कोड एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. पानापानांतून थेट एपीआय बोलावण्याचा मोह टाळला, तर पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

तिसरा टप्पा : ओळख नीट समजून घेणे

नवख्या विकासकांची सर्वांत मोठी गल्लत इथे होते. एका सर्व्हरवर जी पोस्ट ५१२ क्रमांकाची आहे, तीच दुसऱ्या सर्व्हरवर ८८०४१ क्रमांकाची असू शकते, कारण प्रत्येक सर्व्हर आपल्या डेटाबेसमध्ये तिची स्वतंत्र नोंद करतो. सर्वत्र समान असतो तो फक्त तिचा मूळ पत्ता, ज्याला लेमीत एपी-आयडी म्हणतात. त्यामुळे ‘दुवा कॉपी करा’ या बटनाने मूळ पत्ता द्यावा, आणि कोणी दुसऱ्या सर्व्हरवरचा दुवा उघडला तर एपीआयमधील ‘रिझॉल्व्ह ऑब्जेक्ट’ ही सोय वापरून तो वाचकाच्या स्वतःच्या सर्व्हरवरील नोंदीकडे वळवावा. असे केले नाही तर वाचक अनोळखी सर्व्हरवर जाऊन पडतो, तिथे त्याचे खाते नसते, आणि उत्तर का देता येत नाही हे त्याला कळत नाही. समुदायांचे आणि सदस्यांचे नाव सर्व्हरच्या नावासह दाखवावे; एकाच नावाचे दोन समुदाय दोन सर्व्हरवर असणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

चौथा टप्पा : कमेंटचे झाड

लेमी कमेंट एका सपाट यादीत पाठवते. प्रत्येक कमेंटसोबत ‘पाथ’ नावाचे एक क्षेत्र असते आणि त्यात ‘०.४१.५७.६३’ असे काही लिहिलेले असते. याचा अर्थ असा की ही ६३ क्रमांकाची कमेंट ५७ ला दिलेले उत्तर आहे, ५७ ही ४१ ला दिलेले उत्तर आहे, आणि ४१ थेट पोस्टखाली आहे. झाड बांधताना आधी सर्व कमेंट क्रमांकानुसार एका मॅपमध्ये (क्रमांकावरून कमेंट शोधता येईल अशा रचनेत) ठेवाव्यात, मग प्रत्येकीचा शेवटून दुसरा क्रमांक पाहून तिला त्या पालकाखाली जोडावे. पालक यादीत सापडला नाही, तर कमेंट टाकून न देता वेगळी ठेवावी. तो पालक अजून न आलेल्या पुढच्या भागात असू शकतो. प्रत्येक कमेंटला एकूण किती उत्तरे आहेत याचा आकडाही एपीआय देते. तो आकडा आणि हाती आलेली उत्तरे यांत फरक दिसला, तर तिथे ‘आणखी उत्तरे’ हे बटन दाखवावे.

खोलवर गेलेल्या संवादासाठी डावीकडची जागा मर्यादित ठेवावी. पाचव्या-सहाव्या पातळीनंतर मोबाइलवर एका ओळीत दोनच शब्द मावू लागतात, आणि वाचक तिथेच सोडून जातो.

पाचवा टप्पा : प्रवेश आणि सुरक्षितता

मास्टोडॉन या फेडिव्हर्समधील दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओऑथ ही पासवर्ड न देता परवानगी देण्याची व्यवस्था असल्यामुळे सदस्य आपल्याच सर्व्हरवर पासवर्ड देतो आणि बाहेरच्या ॲपला फक्त परवानगी मिळते. लेमीच्या ०.१९ मालिकेत बाहेरच्या इंटरफेससाठी अशी सोय नाही. तिथे पासवर्ड तुमच्याच पानावर लिहिला जातो. माझ्या मते या लेखातील सर्वांत गंभीर जबाबदारी हीच आहे. पासवर्ड कुठेही साठवू नये, कोणत्याही लॉगमध्ये उमटू देऊ नये, आणि शक्य असेल तर ब्राउझरमधून थेट सदस्याच्या सर्व्हरकडे पाठवावा. पाने तुमच्या सर्व्हरवर तयार होत असतील, तर सर्व वाचकांच्या विनंत्या एकाच आयपी पत्त्यावरून गेल्यासारख्या दिसतात आणि लेमी ‘फार विनंत्या’ म्हणून त्या नाकारू लागते. म्हणून वाचकाचा खरा आयपी पुढे पाठवण्याची व्यवस्था सर्व्हरच्या चालकाशी बोलून करून घ्यावी.

दुसरा धोका मजकुरातून येतो. जुलै २०२३ मध्ये लेमी-यूआयमधील सानुकूल इमोजी दाखवण्याच्या कोडमध्ये त्रुटी होती. तिचा फायदा घेऊन कमेंटमधून स्क्रिप्ट घुसवण्यात आली, सदस्यांची टोकन (प्रवेश केल्याची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) चोरली गेली, आणि लेमी डॉट वर्ल्ड या मोठ्या सर्व्हरच्या एका प्रशासकाचे खाते हल्लेखोरांच्या हाती गेले. इमोजीसारख्या किरकोळ वाटणाऱ्या सोयीतून एवढे घडले. म्हणून मार्कडाउनचे (साध्या चिन्हांनी मजकूर सजवण्याच्या पद्धतीचे) एचटीएमएल झाल्यानंतर ते गाळून घेतल्याशिवाय पानावर ठेवू नये, कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचा हेडर लावून पानात घुसवलेल्या स्क्रिप्टना मज्जाव करावा, आणि स्पॉयलरसारखी (क्लिक करेपर्यंत मजकूर झाकणारी) लेमीची खास चिन्हे हाताळणारा कोड स्वतंत्रपणे तपासावा.

सहावा टप्पा : मॉडरेटरच्या निर्णयांचा मान राखणे

कमेंट लेखकाने काढली असेल तर ‘डिलीटेड’ आणि मॉडरेटरने काढली असेल तर ‘रिमूव्हड’ अशी दोन वेगळी चिन्हे एपीआय देते. मजकूर सोबत आला तरी तो दाखवू नये, आणि दोन्ही प्रसंगांसाठी वेगळे वाक्य वापरावे. कोणी काढले हे वाचकाला कळणे हा पारदर्शकतेचा भाग आहे. चर्चा बंद केली असेल तर उत्तराची चौकट दाखवू नये. काही सर्व्हरवर नापसंतीचे मत बंद असते, म्हणून सर्व्हरची माहिती आधी वाचून मगच ते बटन दाखवावे. तक्रार करण्याची सोय मात्र कोणत्याही कारणाने पुढच्या आवृत्तीवर ढकलू नये.

सातवा टप्पा : देवनागरीची काळजी

मराठी वाचणारा माणूस तुमचा इंटरफेस उघडणार असेल, तर तीन गोष्टी हमखास तपासाव्यात. पहिली म्हणजे शीर्षक कापण्याची पद्धत. ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दाची पहिली दहा चिन्हे जावास्क्रिप्टने कापून घेतली, की पडद्यावर ‘विद्यार्थ्’ असा पाय मोडलेला तुकडा उरतो. कापण्याचे काम सीएसएसकडे सोपवावे किंवा पूर्ण शब्दावर थांबावे. दुसरी गोष्ट ओळींमधील अंतर: ‘मूर्तींची’ यासारख्या शब्दात वेलांटी, रेफ आणि अनुस्वार एकमेकांना खेटून डोक्यावर बसतात, आणि इंग्रजीसाठी बेतलेल्या अंतरात त्यांची टोके कापली जातात. अंतर फॉन्टच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे. तिसरी गोष्ट भाषेची खूण. लेमीत प्रत्येक पोस्टला भाषा जोडता येते आणि त्या यादीत मराठी आहे. ती माहिती पानावरील भाषेच्या गुणधर्मात उतरवली, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत तिथे तीच वळणे उमटतात, आणि स्क्रीन रीडरही योग्य आवाज निवडू शकतो.

भाषेच्याच बाबतीत एक सापळा आहे. सदस्याने आपल्या भाषांमध्ये फक्त मराठी निवडली आणि ‘अनिश्चित’ हा पर्याय सोडला, तर भाषा न नोंदवलेल्या सर्व पोस्ट, म्हणजे बहुतेक सर्व मजकूर, नाहीसा होतो. सेटिंगच्या पानावर तशी स्पष्ट सूचना द्यावी.

आठवा टप्पा : लोकांपुढे ठेवणे

नवा इंटरफेस आधी उपडोमेनवर ठेवावा आणि मूळ पत्त्यावर लेमी-यूआय राहू द्यावा. मूळ पत्त्यावर आणायचाच असेल, तर आलेल्या विनंत्या योग्य ठिकाणी वळवणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मांडणीकडे विशेष लक्ष द्यावे. एकाच पत्त्यावर माणसाचा ब्राउझर पान मागतो आणि दुसरा सर्व्हर ॲक्टिव्हिटीपबची नोंद मागतो. फरक असतो तो ‘ॲक्सेप्ट’ या हेडरमध्ये. हा हेडर पाहून, तसेच एपीआय, चित्रे, वेबफिंगर (नावावरून खाते शोधण्याची सोय) आणि इनबॉक्स (इतर सर्व्हरकडून येणारा मजकूर स्वीकारणारा पत्ता) यांच्याकडे जाणाऱ्या विनंत्या ओळखून, त्या लेमीच्या मागच्या भागाकडे वळवाव्या लागतात. हे चुकले तर तुमचे पान सुंदर दिसते, पण तुमच्या समुदायातील नव्या पोस्टची नोंद मागणाऱ्या इतर सर्व्हरच्या हाती ती पडत नाही आणि बाहेरून येणारी उत्तरेही आत पोहोचत नाहीत. तपासायची सोपी युक्ती अशी: दुसऱ्या सर्व्हरवरच्या खात्यातून आपली पोस्ट शोधावी, तिला उत्तर द्यावे, आणि ते उत्तर परत येते का ते पाहावे.

चित्रांच्या पत्त्याला लघुचित्राचा आकार आणि वेबपी हे स्वरूप जोडले, की लेमीची चित्रसेवा लहान प्रत पाठवते. यादीच्या पानावर मूळ चित्रे कधीही मागवू नयेत.

नववा टप्पा : नित्याची देखभाल

लेमीने जून २०२३ मध्ये ०.१८ या आवृत्तीत वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) काढून टाकले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ०.१९ मध्ये टोकन पाठवण्याची जागा बदलून ती हेडरमध्ये नेली. सहा महिन्यांत दोनदा पाया हलला. शिवाय सर्व सर्व्हर एकाच दिवशी नवी आवृत्ती घेत नाहीत, म्हणून काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती चालवाव्या लागतात. सर्व्हर आपली आवृत्ती स्वतःच सांगतो. ती वाचून योग्य मार्ग निवडावा. एपीआयचा कोड एकाच फोल्डरमध्ये ठेवा असे वर सांगितले, त्याचा उपयोग इथे होतो.

मी महिन्यातील एक ठरावीक रविवार यासाठी राखून ठेवतो. त्या दिवशी लेमीच्या प्रकाशन-टिपा वाचाव्यात, लायब्ररींचे सुरक्षिततेचे बदल घ्यावेत, आणि प्रवेश, यादी, कमेंट, उत्तर, तक्रार व बाहेर पडणे या सहा कृतींच्या स्वयंचलित चाचण्या दोन्ही आवृत्त्यांवर चालवाव्यात. नव्या मागण्यांपैकी बहुतेकांना नम्रपणे नकार द्यावा. प्रत्येक होकार पुढच्या प्रत्येक महिन्याच्या रविवारात जागा मागतो.

दहावा टप्पा : थांबण्याची तयारी

मास्टोडॉनसाठीचा पिनाफोर हा हलका, अनेकांच्या आवडीचा इंटरफेस त्याच्या कर्त्याने जानेवारी २०२३ मध्ये बंद केला. कोड खुला होता, म्हणून सेमाफोर आणि एनाफोर या नावांनी इतरांनी तो पुढे नेला. आपल्यालाही कधीतरी थांबावे लागेल हे गृहीत धरून प्रकल्प उभा कसा करायचा ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावे, डोमेन आणि कोडच्या किल्ल्या आणखी किमान एका विश्वासू व्यक्तीकडे असाव्यात, आणि बंद करण्याची तारीख काही महिने आधी पानाच्या वरच्या भागात लावावी. त्यानंतरही डोमेन लगेच सोडू नये. कोणी जुना दुवा उघडला तर त्याला त्या पोस्टच्या मूळ पत्त्याकडे पाठवणारा छोटासा कोड तिथे किमान वर्षभर चालू ठेवावा.